ऑर्बुस, ऑर्बा, ऑर्बुम

३ सप्टेंबर

शाळा उघडायला आली आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्याशी माझा काडीचा संबंध नाही. जूनमध्ये निरोप समारंभ केला, घड्याळ दिलं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ देणाऱ्यांच्या अकलेला काय म्हणावं! असो. वेळ आहेच, तर एक काम धसास लावायचं ठरवलंय, आणि ते होईपर्यंत अधूनमधून इथे लिहायचं.

काम म्हणजे फ्लामिनियाची पाटी. आमची एकुलती एक फ्लामिनिया विसाव्या वर्षी तापाचं निमित्त होऊन आठवड्याभरात गेली, अडीच वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत. गावाखालच्या दफनभूमीच्या भिंतीत कोनाडा मिळाला. गवंड्याने विटा रचून तोंड बंद केलं, वर गिलावा केला आणि ओल्या गिलाव्यावर खिळ्याने तिचं नाव ओढलं. ते तात्पुरतं. त्यावर संगमरवराची पाटी बसते, सगळ्यांच्याच बसते, तीन-चार महिन्यांत. आमची अजून बसलेली नाही, कारण मजकूर ठरलेला नाही, आणि मजकूर मी ठरवायचा आहे. जन्मभर लॅटिन शिकवलेल्या माणसाने पोरीच्या पाटीवर "सदैव आमच्या हृदयात" असली बाजारू ओळ कोरायची का?

सकाळी कॉफी ओतताना लोरेता म्हणाली, "एव्हांद्रो, या दोन नोव्हेंबरला पाटी लागलेली पाहिजे. मृतांच्या दिवशी सगळं व्हेरोली गाव तिथे लोटतं. सगळ्यांची नावं झळकतात आणि माझ्या पोरीचा तेवढा गिलावा. दोन वर्षं मान खाली घालून उभी राहिले. तिसऱ्यांदा नाही राहणार."

"लागेल," मी म्हणालो. "शब्द मिळालाय मला."

"लॅटिन?"

"मग काय?"

"तिला लॅटिनचा किती कंटाळा यायचा, विसरलास? आता तिथेही शिकवणी घेणार का तिची?"

बायकोच्या जिभेला पहिल्यापासून धार आहे. मी हसण्यावारी नेलं.

५ सप्टेंबर

शब्द आहे ऑर्बुस.

नवरा गेलेलीला शब्द आहे, आईबाप गेलेल्याला आहे. पोर गेलेल्या आईबापाला आमच्या आजच्या बोलीत शब्दच नाही. लोक आडून आडून बोलतात, "त्यांचं ते झालं ना," म्हणतात. रोमन लोक असे भित्रे नव्हते. ऑर्बुस म्हणजे हिरावलेला, ज्याचं जवळचं माणूस काढून नेलंय असा.

आज दिवसभर मूळ धुंडाळलं. ग्रीकांचा अनाथ, ऑर्फानोस, याच घरातला. आर्मेनियातले लोक अजूनही ऑर्ब म्हणतात. जर्मनांकडे हाच धातू जाऊन वारसाहक्क झाला. कोणी मेलं की मागे काय ठेवलं तेच आधी बघायचं, दुसरं काय! स्लाव्ह लोकांकडे त्याचा गुलाम झाला. आणि लांब पूर्वेला, जुन्या संस्कृतात, अर्भ. अर्भ म्हणजे लहानगं. त्यावरून अर्भक, तान्हं पोर. म्हणजे त्यांच्याकडे जे पोर झालं तेच आमच्याकडे पोर गेलेला बाप झालं. हे वाचलं आणि पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

जेवताना लोरेताला सांगितलं. "तिकडे पोर, इकडे पोर गेलेला, आणि मूळ एकच!" घेवड्याचं सूप वाढताना तिचा हात थांबला. मला वाटलं, चला, पोचलं.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? विलक्षण नाही हे?"

"जेव. गार होतंय."

पालथ्या घड्यावर पाणी.

११ सप्टेंबर

क्विरिनोच्या कारखान्यात जाऊन आलो. हा पाथरवट माझाच विद्यार्थी. लॅटिनमध्ये दोनदा गटांगळ्या खाऊन बापाच्या धंद्यात शिरला, आणि बरं चाललंय त्याचं. आमची पाटी केव्हाची कापून, घासून, भिंतीला टेकवून ठेवली आहे.

"प्रोफेसर, दीड वर्ष ही माझ्या पायात येतेय. परवा अंगठा ठेचला. काय ते एकदा सांगून टाका."

मी शब्द सांगितला. तो डोकं खाजवायला लागला.

"ऑर्बो म्हणजे आंधळा ना हो? माझा काका होता, एका डोळ्याने ऑर्बो. लोक म्हणतील, प्रोफेसर आणि बाई दोघं आंधळे होते की काय?"

"गाढवा, ते नंतरचं," मी म्हणालो. "आधी 'डोळ्यांना मुकलेला' म्हणायचे, मग डोळे म्हणायचाही आळस आला आणि नुसता मुकलेला म्हणजेच आंधळा झाला. चूक लोकांची आहे."

"चूक लोकांची, पण वाचणार तेच ना!"

तेवढ्यात त्याने फडताळातून एक पाकीट काढलं. "बाईंनी फोटो दिलाय. चिनी मातीच्या चकतीवर भाजून बसवायचा. बघता का? मस्त आहे, केस ओले आहेत तिचे."

नको, म्हटलं. पाटीवर फोटो नको, शोभत नाही, उन्हाने विटतो, चार वर्षांत भुतासारखा दिसायला लागतो. पाकीट मी उघडलं नाही. गुडघा दुखत होता म्हणून लगेच निघालो.

१९ सप्टेंबर

आता रूपं. पुल्लिंगी ऑर्बुस, स्त्रीलिंगी ऑर्बा, नपुंसकलिंगी ऑर्बुम. बाप, आई, आणि एखादं पोरकं घर किंवा राज्य. ज्याला मुकलो त्याला पंचमी लावायची, म्हणजे "मुलीपासून हिरावलेला" अशी रचना. आईबाप दोघं मिळून म्हटलं की पुल्लिंगी अनेकवचन, ऑर्बी. "ऑर्बी पारेन्तेस", हिरावलेले आईबाप. ओळ उभी राहतेय असं वाटतं.

पण एक शंका. नुसतं विशेषण घ्यावं की क्रियापदापासून झालेलं, ऑर्बाती? ऑर्बी म्हणजे आहोत असे. ऑर्बाती म्हणजे कोणीतरी केलं असं. कोणी केलं? तापाने? पहिल्या दिवशी "साधा ताप आहे" म्हणणाऱ्या डॉक्टरने? देवाने? कर्ता सांगता येत नसेल तर असं रूप वापरावं का? दोन दिवस यातच गेले.

लोरेताने आज कपाट उपसलं. थंडीचे कोट, चांगल्या चादरी, तिच्या आईचं लोकरीचं पांघरूण, सगळं पेटीत भरून गाएताला, तिच्या बहिणीकडे, आर्जियाकडे पाठवलं. म्हटलं, समुद्राकाठी दमट हवा, कोटांना वास लागेल. म्हणाली, "लागू दे." इथे कसर लागते म्हणून असेल. घर मात्र मोकळं झालं.

दर गुरुवारी ती कोनाड्यापाशी जाते. आजही दारात उभी राहून विचारलं, "येतोस?" गुडघ्याचं सांगितलं. दिवसभर या रूपांत गुंतलो होतो, खरंच जमण्यासारखं नव्हतं.

२ ऑक्टोबर

भांडण झालं.

ओळ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात घेऊन गेलो. फ्लामिनियाचं नाव चतुर्थीत, म्हणजे 'तिच्यासाठी', खाली "ऑर्बी पारेन्तेस". लोरेताला एकेक शब्द समजावून सांगितला. सांगितलं की अनेकवचन आहे, त्यात तीही आली.

"मी कुठे आहे त्यात?"

"हे बघ, आईबाप दोघं असले की पुल्लिंगी रूप होतं, पण..."

"मी विचारतेय, आपण दोघं कुठे आहोत, एव्हांद्रो? मी तिथे जाते एकटी. येते एकटी. तिच्या वाढदिवसाला कोनाड्यापुढच्या शिडीवर बसून एकटीच बोलत होते, खालून जाणारी माणसं बघत होती. आणि तू पाटीवर लिहितोस 'आम्ही'?"

तिला पुल्लिंगी अनेकवचनात गोवलेलं आवडलं नाही, हे मला कळायला हवं होतं. मी लगेच तोड सुचवली: वेगवेगळं लिहू. "पातेर ऑर्बुस, मातेर ऑर्बा." बाप वेगळा, आई वेगळी, प्रत्येकाचं आपापलं एकवचन. व्याकरणाला धरून आहे आणि तोलही चांगला.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता एप्रन तोंडावर धरून रडायला लागली. "फक्त नाव लिही रे," म्हणाली. "नाव आणि फोटो. माझं दुसरं काही मागणं नाही."

मी कागद घेऊन खोलीत आलो. मलाही रडू आलं, पण दार लावून.

८ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही नाही. द्राक्षं उतरवायचे दिवस. रस्ताभर आंबूस वास.

१५ ऑक्टोबर

सकाळी क्विरिनोला फोन करून "पातेर ऑर्बुस, मातेर ऑर्बा" असा मजकूर पक्का केला. दुपारी जुन्या रोमच्या शिरगणतीबद्दल वाचलं. पोरकी मुलं आणि एकट्या बायका, ऑर्बी आणि ऑर्बाए, यांना नेहमीच्या आकड्यात धरतच नसत, वगळून बाकीची माणसं मोजत. म्हणजे हा शब्द एकट्या पडलेल्या बाईलाही लागतो. मग "मातेर ऑर्बा" वाचून कोणी समजेल की लोरेताला नवराही नाही! परत फोन करून थांबवलं.

"प्रोफेसर, मी कागदावर अक्षरं आखून, कागद पाटीवर चिकटवून बसलोय. छिन्नी हातात आहे!"

"काढ तो कागद."

"तुमच्यापुढे देवानेही हात टेकले असते," म्हणाला आणि फोन आपटला. विद्यार्थी असताना एवढं तोंड नव्हतं याला.

लोरेताने आज मला कपडे धुवायचं यंत्र लावायला शिकवलं. कुठलं बटण, किती पावडर, पांढरे वेगळे. परवा टोमॅटोचा रस्सा शिकवला, बरण्यांवर तारखा घालून ओळीने मांडून दिल्या. "शिकून ठेव," म्हणते. निवृत्त नवरा दिवसभर घरात लुडबुडलेला बायकांना नको असतो, त्याला कामाला जुंपतात. मी शिकतोय. पहिल्याच दिवशी सदरे गुलाबी झाले. दोघंही हसलो, कित्येक महिन्यांनी. बरं वाटलं.

२४ ऑक्टोबर

आज खरं लिहितो. इथे नाही तर कुठे लिहिणार?

अंत्यविधीनंतर मी तिथे एकदाही गेलेलो नाही. खालच्या रस्त्याने बस जाते तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बसतो. गुडघा दुखतो, हे खोटं नाही. पण त्याच गुडघ्याने मी ग्रंथालयाच्या पायऱ्या चढतोच. तो गवंडी खिळ्याने नाव ओढत होता, तेव्हा 'म' काढताना गिलाव्याचा बारीक तुकडा पडला आणि त्याने तो अंगठ्याने परत दाबून बसवला. ते मला अजून दिसतं. घरात तिच्या सपातांचा आवाज नाही, जिन्यावरून "बाबा, वाय-फाय गेलं" अशी बोंब नाही. मला तिची इतकी आठवण येते की छाती दुखते. हे मी लोरेताला सांगितलं नाही. काय सांगू, तीही त्याच घरात राहते.

शब्द ठरत नाही की मीच? शब्द कठीण आहे, हे मात्र खरंच. साध्या शब्दाला एवढा वेळ लागला नसता.

३१ ऑक्टोबर

ठरवलं. अर्धवट मजकूर कोरून जन्मभर टोचून घेण्यापेक्षा आणखी एक वर्ष गेलेलं परवडलं. दगडावरची चूक खोडता येत नाही. क्विरिनोला सांगितलं, पुढच्या वर्षी. आरडाओरड करेल वाटलं होतं. नुसतं म्हणाला, "बरं, प्रोफेसर." शहाणा झाला म्हणायचा.

मग स्वयंपाकघरात जाऊन लोरेताला सांगितलं. ती चेस्टनट भाजायला चीर देत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बरं." तेवढंच. नाराजी नाही, टोमणा नाही. सोललेले चेस्टनट बशीत घालून माझ्यापुढे ठेवले. शेवटी तिला माझं म्हणणं पटलं असं दिसतं. तीस वर्षांच्या संसारात कधीतरी पटतंच.

गॅलरीत शेवंतीच्या दोन कुंड्या आणून ठेवल्यात, पिवळी आणि पांढरी.

२ नोव्हेंबर

संध्याकाळ आहे. जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिता येणार नाही.

सकाळी उठलो तर लोरेता गेलेली होती, कुंड्याही नव्हत्या. आज तिने "येतोस?" विचारलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा. रिकाम्या गॅलरीत उभा राहिलो आणि एकदम घाबरलो, कशाला ते सांगता येत नाही. कोट चढवला आणि उतरणीने निघालो.

दफनभूमीत जत्रा होती. फाटकाबाहेर फुलवाल्या, आत बादल्या, फडकी, शेवंतीचे ढीग, लहान पोरांची धावपळ. आमची भिंत डावीकडची, दुसरी, एवढं आठवत होतं. ओळ आठवत नव्हती. म्हटलं, गिलावा शोधायचा, सगळ्या संगमरवरांत एकच गिलावा दिसणारच. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. नाही. परत आलो. नाही. चाकांच्या उंच शिड्या लावून लोक वरच्या ओळी पुसत होते, त्यांच्याखालून वाकून गेलो. माझ्या पोरीचा कोनाडा मला सापडेना. कोणाला विचारायचं, आणि कोणत्या तोंडाने? मी सगळ्या गावाचा प्रोफेसर. भिंतीला हात टेकून उभा राहिलो.

"एव्हांद्रो."

आवाज वरून आला. ज्या शिडीखालून दोनदा गेलो होतो, तिच्यावर लोरेता उभी होती, हातात ओलं फडकं.

"तुझं टक्कल दोनदा खालून गेलं," ती म्हणाली. "हाक मारणार होते. मग म्हटलं, बघू तरी, सापडते का."

"गिलावा शोधत होतो."

"नाही आता गिलावा." ती उतरली. "क्विरिनोने परवा बसवून दिली. मीच सांगितलं. चढ."

मी चढलो. चौथी ओळ. पांढरी पाटी, फ्लामिनियाचं नाव, दोन सालं. बाजूला फोटो. स्पेर्लोंगाच्या किनाऱ्यावरचा, ओले केस गालाला चिकटलेले, डोळे किलकिले, हसू दाबतेय. इतक्या जवळून मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती झोपलेली होती आणि नळ्या लावलेल्या होत्या. मी पाटीवर कपाळ टेकलं. मोठ्याने रडलो. किती लोक बघत होते कोणास ठाऊक. खाली लोरेताने शिडी धरून ठेवली होती, दोन्ही हातांनी, मला कळत होतं.

ती खालूनच बोलली. हळू, पण मला ऐकू येईल इतपत.

"बारा तारखेला मी आर्जियाकडे जातेय. राहायला. मार्चमध्येच ठरवलं होतं. पण ती अशी बिनपाटीची भिंतीत, तिला टाकून जायला पाय उचलेना. तू म्हणायचास सप्टेंबर, मग म्हणायचास ऑक्टोबर, आणि मी थांबत राहिले."

मी पाटीवरून कपाळ उचललं. शिडीवरून उतरता येईना. एवढंच मनात येत होतं की मी आणखी एक वर्ष म्हटलं होतं, आणि ती "बरं" म्हणाली होती.

"उतर आता," ती म्हणाली. "लोक शिडीला थांबलेत."

घरी एकत्र चालत आलो. चढावर तिने माझा दंड धरला, गुडघ्यासाठी.

१२ नोव्हेंबर

सकाळच्या बसने गेली. पेटी मीच थांब्यापर्यंत उचलली. "राहा," असं म्हणालो, एकदाच. ती म्हणाली, "एव्हांद्रो, तुझ्यावर राग नाही माझा. पण मला एकटीला दोघांचं रडणं झेपत नाही आता." मग माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. रविवारी फोन करेन म्हणाली. बस वळली तेव्हा ती माझ्याच बाजूच्या खिडकीत होती.

घरी जाववेना. तसाच खाली गेलो. दफनभूमीत आज शुकशुकाट होता. शिडी ओढून लावली, चढलो, शेवंतीला पाणी घातलं, रुमालाने फोटो पुसला. तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. सवय नाही.

खाली एक म्हातारा येऊन उभा राहिला, बहुतेक बाहेरगावचा, हातात प्लास्टिकची बाटली. त्याला शिडी हवी होती. मी घाईने उतरायला लागलो.

"सावकाश, सावकाश," तो म्हणाला. "मला कसली घाई? तुमचं कोण आहे वर?"

मी दांडा धरून थांबलो. दोन महिने जमवलेली त्या शब्दाची सगळी रूपं जिभेवर आली.

"मुलगी," म्हणालो. "माझी मुलगी आहे."

त्याने मान हलवली आणि बाटली खाली ठेवून, मी उतरेपर्यंत, शिडी धरली.